लहान सफाई व्यवसाय विकत घेताना : यंत्रांपेक्षा हजेरीपट महत्त्वाचा

कार्यालये, रुग्णालये, शाळा आणि गृहनिर्माण संस्था यांची साफसफाई पूर्वी बहुतांशी त्यांचे स्वतःचे कर्मचारी करीत. आता शहरांतून हे काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदार संस्थांकडे गेले आहे. व्यवहारात त्यांना ‘हाउसकीपिंग एजन्सी’ म्हणतात. त्यांतील अनेक संस्था एकाच मालकाच्या किंवा कुटुंबाच्या असून, तीस-चाळीस कामगार आणि आठ-दहा ग्राहक एवढाच त्यांचा पसारा असतो. मालकाचे वय झाले, मुले दुसऱ्या क्षेत्रात गेली किंवा भांडवल अपुरे पडू लागले की असा व्यवसाय विक्रीस निघतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम गुंतवू पाहणारे, नोकरी सोडून स्वतंत्र उद्योग करू इच्छिणारे किंवा त्याच क्षेत्रातील दुसरे कंत्राटदार त्याचे खरेदीदार असतात.

असा व्यवसाय वरकरणी सोपा वाटतो. कच्च्या मालाचा मोठा साठा नाही, महागडी जागा नाही, दरमहा बिल ठरलेले. त्यामुळे विक्रेत्याने सांगितलेल्या नफ्याला दोन किंवा अडीचने गुणून सौदा ठरविण्याची प्रथा पडली आहे. या हिशेबात एक गंभीर उणीव राहते. सफाई व्यवसायाचा बहुतांश खर्च कामगारांच्या वेतनाचा असतो. त्यामुळे कामगारांचे कायदेशीर देणे चुकवून दाखविलेला नफा खऱ्या नफ्यासारखाच दिसतो. किंमत ठरविण्यापूर्वी हे दोन वेगळे करणे हे खरेदीदाराचे पहिले काम होय.

खरेदी नेमकी कशाची?

सफाई व्यवसायाची दृश्य मालमत्ता थोडी असते. फरशी घासण्याची यंत्रे, ओले-कोरडे शोषण करणारे व्हॅक्यूम क्लीनर, जेट मशीन, शिड्या, बादल्यांच्या ढकलगाड्या, क्वचित एखादे मालवाहू वाहन. ही सर्व सामग्री बाजारातून नवी घेता येते. तिचे मूल्य खरेदीच्या जुन्या पावतीवरून न ठरविता आज ती विकल्यास काय मिळेल यावरून ठरवावे. प्रत्येक यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहावे; बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांत बॅटरीचे उरलेले आयुष्य हा मोठा खर्चाचा विषय असतो.

खरेदीदार मुख्यतः तीन अदृश्य गोष्टींसाठी पैसे मोजत असतो : ग्राहकांशी असलेले करार, काम जाणणारे कामगार व मुकादम आणि व्यवसायाचा नावलौकिक. यांपैकी एकही गोष्ट विक्रेत्याच्या पूर्ण मालकीची नसते. ग्राहक तीस दिवसांच्या सूचनेवर करार संपवू शकतो, कामगार दुसऱ्या दिवसापासून येणे थांबवू शकतो आणि नावलौकिक बहुधा मालकाच्या व्यक्तिगत ओळखींशी बांधलेला असतो. म्हणून या व्यवसायाचे मूल्यमापन म्हणजे यांतील काय आणि किती काळ टिकेल याचा अंदाज होय.

विक्रीचा आकडा पडताळणे

विक्रेत्याच्या वहीतील आकडे हा केवळ प्रारंभ मानावा. त्याच उलाढालीचे पुरावे इतर ठिकाणीही असतात. जीएसटीच्या विवरणपत्रांत दरमहाची विक्री असते. बहुतेक कंपन्या व संस्था कंत्राटदाराचे बिल चुकते करताना प्राप्तिकर कापून घेतात. त्या कपातीचे वार्षिक विवरण, जे फॉर्म २६एएस या नावाने परिचित आहे, कोणत्या ग्राहकाने वर्षभरात किती रक्कम दिली हे दाखविते. बँकेच्या खात्यातील जमा हा तिसरा पुरावा. किमान तीन आर्थिक वर्षांचे हे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडावेत. ‘काही ग्राहक रोखीने देतात, ते कागदावर नाही’ असे विक्रेता सांगत असेल, तर त्या रकमेला किमतीत स्थान देऊ नये. ज्या उत्पन्नावर कर भरलेला नाही, त्याबद्दल पैसे मागण्याचा आधार विक्रेत्याकडे उरत नाही.

यानंतरची पडताळणी या व्यवसायात सर्वांत महत्त्वाची आहे. ग्राहकाला किती कामगारांचे बिल लावले, हजेरीपटावर किती नावे आहेत आणि भविष्य निर्वाह निधीच्या मासिक चलनासोबतच्या यादीत किती नावे आहेत, हे तीन आकडे एकाच महिन्याचे घेऊन जुळवावेत. बिल चाळीस जणांचे, हजेरीपट छत्तीस जणांचा आणि निधीची यादी पंचवीस जणांची असेल, तर दोन प्रश्न उभे राहतात. चार माणसांचे पैसे ग्राहकाकडून विनाकारण घेतले जात आहेत काय, आणि अकरा माणसांचे कायदेशीर देणे थकले आहे काय? पहिल्याने करार जाण्याचा धोका संभवतो, दुसऱ्याने देणे वाढते.

कागदांबरोबर प्रत्यक्ष पाहणीही आवश्यक आहे. सकाळची पाळी सुरू होण्याच्या वेळी दोन-तीन ठिकाणी जाऊन माणसे मोजावीत. वेतन बँक खात्यात जमा होते की हातात मिळते, निधीचा खाते क्रमांक ठाऊक आहे काय, हे कामगारांकडून सहज बोलताना कळते. विक्रेत्याच्या संमतीने आणि गोपनीयता राखून मोठ्या ग्राहकांच्या व्यवस्थापकांशीही बोलावे. गृहनिर्माण संस्थांच्या बाबतीत व्यवस्थापन समितीची निवडणूक केव्हा आहे, हेही विचारावे. समिती बदलली की कंत्राटदार बदलण्याचे प्रसंग अनेकदा येतात.

एका कामगारामागे किती उरते?

या व्यवसायाचे अर्थकारण एका कामगाराच्या हिशेबातून स्पष्ट होते. उदाहरणादाखल मासिक वेतन १४,००० रुपये धरू. मालकाचा भविष्य निर्वाह निधीतील १२ टक्के हिस्सा आणि विमा व प्रशासन यांचा आणखी एक टक्का मिळून १,८२० रुपये. कर्मचारी राज्य विम्यात मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ४५५ रुपये. किमान ८.३३ टक्के बोनसचा मासिक भार सुमारे १,१६६ रुपये आणि ग्रॅच्युइटीचा सुमारे ६७३ रुपये. पगारी रजा, बदली कामगार व गणवेश यांसाठी ९०० रुपये धरल्यास एकूण खर्च १९,०१४ रुपये होतो. साफसफाईचे साहित्य वेगळे आकारले जाते असे मानून ग्राहक दर कामगारामागे २०,५०० रुपये देत असेल, तर कंत्राटदाराकडे १,४८६ रुपये, म्हणजे बिलाच्या सुमारे सात टक्के उरतात. देखरेख, प्रवास, कार्यालय, व्याज आणि मालकाचा मोबदला त्यातूनच भागवायचा असतो.

आता किमान वेतन ५०० रुपयांनी वाढले, असे समजू. त्यावरील निधी, विमा, बोनस व ग्रॅच्युइटी धरून खर्च ६४७ रुपयांनी वाढतो. करारातील दर स्थिर असेल तर उरणारी रक्कम ८३९ रुपयांवर येते. म्हणजे जवळपास ४४ टक्के घट होते. ही शक्यता दुर्मीळ नाही. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्ता दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी सुधारला जातो. केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांत महागाई भत्त्याची सुधारणा १ एप्रिल व १ ऑक्टोबर रोजी होते. म्हणून प्रत्येक करारात ‘किमान वेतन वाढल्यास दर त्याप्रमाणे वाढेल’ असे कलम आहे काय, हे पाहावे. असे कलम असलेला करार आणि नसलेला करार यांचे बिल सारखे असले तरी मूल्य सारखे नसते.

राज्य बदलले की हा हिशेबही बदलतो. किमान वेतनाचे दर राज्यागणिक आणि अनेक राज्यांत परिमंडळागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश व तेलंगणात व्यवसाय कर आहे. दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेशात तो नाही. इंदूर, बेळगाव वा हैदराबाद येथील व्यवसाय पुण्याच्या आकड्यांवरून जोखणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

नफा शुद्ध करण्याची रीत

विक्रेत्याने सांगितलेल्या नफ्यात पाच प्रकारच्या दुरुस्त्या कराव्या लागतात. पुढील उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील पद्धत सर्वत्र लागू पडते.

चाळीस कामगारांच्या एका व्यवसायाचा वार्षिक नफा विक्रेता १६ लाख रुपये सांगतो आणि अडीच पटीने ४० लाख रुपये मागतो. पहिली दुरुस्ती मालकाच्या श्रमाची. तो स्वतः रोज सर्व ठिकाणी फिरून देखरेख करतो, पण पगार घेत नाही. त्याच्या जागी व्यवस्थापक नेमल्यास दरमहा ३०,००० रुपयांप्रमाणे वर्षाला ३ लाख ६० हजार रुपये लागतील. खरेदीदार स्वतः ते काम करणार असला तरी ही रक्कम वजा करावी. अन्यथा तो स्वतःच्या भावी श्रमाचीच किंमत विक्रेत्याला देईल.

दुसरी दुरुस्ती वैधानिक देण्यांची. पंधरा कामगार निधी व विम्याच्या यादीत नाहीत. वर दिलेल्या दरांनी त्यांच्यासाठी मालकाचा वार्षिक हिस्सा ४ लाख ९ हजार ५०० रुपये होतो. तिसरी ग्रॅच्युइटीची. बारा कामगारांची सेवा पाच वर्षांहून अधिक झाली आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना सव्वीस दिवसांचा, या सूत्राने त्यांचे देणे दर वर्षी सुमारे ९७ हजारांनी वाढते. चौथी यंत्रांच्या झिजेची : सहा लाखांची यंत्रे पाच वर्षे चालतील असे धरल्यास वर्षाला १ लाख २० हजार रुपये. पाचवी, पुन्हा न येणाऱ्या उत्पन्नाची : गेल्या वर्षी एका नव्या इमारतीच्या एकवेळच्या सफाईतून मिळालेले ८० हजार रुपये.

या सर्वांची बेरीज १० लाख ६६ हजार ५०० रुपये. सोळा लाखांतून ती वजा केल्यावर टिकाऊ नफा ५ लाख ३३ हजार ५०० रुपये उरतो. विक्रेत्याचाच अडीच पट मान्य केला तरी किंमत सुमारे १३ लाख ३४ हजार रुपये होते.

हिशेब येथेच संपत नाही. वरील रकमा पुढील प्रत्येक वर्षाच्या आहेत. मागील वर्षांची थकबाकी वेगळी. पंधरा कामगारांची दोन वर्षांची नोंद राहिली असेल, तर मालक व कामगार दोघांचा हिस्सा आणि इतर आकार मिळून वेतनाच्या २५ टक्के दराने निधीची थकबाकी १२ लाख ६० हजार रुपये होते. न कापलेला कामगाराचा हिस्साही थकबाकीच्या वसुलीत मालकाकडूनच मागितला जातो. राज्य विम्याच्या एकूण चार टक्के दराने आणखी २ लाख १ हजार ६०० रुपये. बारा जुन्या कामगारांची सरासरी सेवा सहा वर्षे धरल्यास साचलेली ग्रॅच्युइटी सुमारे ५ लाख ८२ हजार रुपये. व्याज व दंड न धरताही एकूण देणे २० लाख ४३ हजारांच्या घरात जाते. म्हणजे १३ लाख ३४ हजारांच्या व्यवसायावर त्याहून मोठा बोजा आहे. विक्रेत्याने निधी व विम्याची थकबाकी विक्रीपूर्वी भरली आणि ग्रॅच्युइटीचा भार खरेदीदाराने उचलला, तर योग्य बोली साडेसात लाखांच्या आसपास येते. मागणी ४० लाखांची होती.

जुने देणे नव्या मालकाकडे कसे येते?

‘मागचे देणे विक्रेत्याचे, पुढचे माझे’ असे विक्रीपत्रात लिहिले की आपण मोकळे झालो, असा अनेकांचा समज असतो. तो पूर्णतः बरोबर नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा, १९५२ च्या कलम १७ब नुसार आस्थापना हस्तांतरित झाल्यास त्या तारखेपर्यंतच्या थकबाकीस जुना व नवा मालक संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतात. नव्या मालकाची जबाबदारी हस्तांतरणातून मिळालेल्या मालमत्तेच्या मूल्यापुरती मर्यादित असते. राज्य विमा कायदा, १९४८ मध्येही हस्तांतरणाबाबत अशीच तरतूद करण्यात आली होती. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार हस्तांतरणापर्यंतचा कर, व्याज व दंड, मग त्याची निश्चिती हस्तांतरणानंतर झाली तरीही, दोघांवर बंधनकारक असतो. आपसातील करारामुळे खरेदीदाराला विक्रेत्याकडून नंतर भरपाई मागता येते. सरकारी खात्याला मात्र तो करार बांधील नसतो.

चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून, सामाजिक सुरक्षा संहितेतही संयुक्त जबाबदारीचे तत्त्व ठेवण्यात आले आहे. मूल्यमापनाच्या दृष्टीने या संहितांतील दोन बदल महत्त्वाचे आहेत. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर जास्तीचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन कमी दाखवून देणी कमी ठेवण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे. तसेच ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारांना एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. जुन्या पद्धतीने केलेला खर्चाचा हिशेब या दोन्ही कसोट्यांवर पुन्हा तपासून घ्यावा.

पट कसा ठरवावा?

टिकाऊ नफ्याला किती पटीने गुणावे याचे सर्वमान्य कोष्टक नाही. अडीच पट म्हणजे सर्व काही आहे तसे चालले तर अडीच वर्षांत रक्कम परत, एवढाच त्याचा अर्थ. आहे तसे चालण्याची शक्यता जेवढी कमी, तेवढा पट कमी. करारांची उरलेली मुदत, ग्राहकाशी संबंध मालकाचे आहेत की मुकादमाचे, कामगार किती वर्षे टिकून आहेत आणि एकाच ग्राहकावर किती अवलंबित्व आहे, या चार गोष्टी पाहाव्यात.

शेवटची बाब आकड्यांत पाहता येते. वरील उदाहरणात ४० टक्के काम एकाच रुग्णालयाचे आहे, असे समजू. व्यवस्थापकाचा पगार आणि यंत्रांची झीज वजा करण्यापूर्वीचा नफा सुमारे १० लाख १३ हजार रुपये होता. रुग्णालय गेले आणि त्या प्रमाणात नफाही गेला, तर ६ लाख ८ हजार उरतात. पगार व झीज मिळून ४ लाख ८० हजारांचा खर्च मात्र कायम राहतो. शेवटी हाती १ लाख २८ हजार रुपये येतात. काम ४० टक्क्यांनी घटले, तर नफा तीन-चतुर्थांशाहून अधिक घटतो. अशा व्यवसायाला, ज्याचे आठ ग्राहक साधारण समान आहेत त्या व्यवसायाइतका पट देता येणार नाही.

खेळते भांडवल : किमतीबाहेरची किंमत

वेतन पुढील महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागते, निधी व विम्याची रक्कम १५ तारखेपर्यंत भरावी लागते आणि सफाई सेवेवरील १८ टक्के जीएसटी ग्राहकाकडून पैसे आलेले नसले तरी सामान्यतः बिलाच्या आधारे भरावा लागतो. ग्राहक मात्र दोन-दोन महिन्यांनी पैसे देतात. चाळीस कामगारांचे वेतन, निधी व विमा मिळून वरील दराने महिन्याला ६ लाख ५१ हजार रुपये लागतात. दोन महिन्यांचे १३ लाख २ हजार. साहित्य व कर त्याशिवाय. व्यवसायाच्या किमतीएवढीच रक्कम अशा प्रकारे सतत अडकून राहू शकते. येणे रक्कम व्यवहारात समाविष्ट आहे की विक्रेता स्वतःकडे ठेवणार, यावर खरेदीदाराची पहिल्या दोन महिन्यांची अवस्था अवलंबून असते.

सूक्ष्म व लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात आहे. तथापि, ग्राहक गमावण्याच्या भीतीने लहान कंत्राटदार त्याचा आधार क्वचितच घेतात. म्हणून करारातील मुदत न पाहता गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक बिलाचे पैसे प्रत्यक्षात किती दिवसांनी आले, हे बँक खात्यावरून मोजावे. नव्वद दिवसांहून जुने येणे पूर्ण मूल्याने विकत घेऊ नये.

जी कामे मूल्य शून्यावर आणतात

काही व्यवसाय इमारतींच्या सफाईसोबत मलटाक्या व मैलावाहिन्या साफ करण्याचे कामही घेतात. हाताने मैला वाहून नेण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवून अशी सफाई करून घेणे गुन्हा आहे; पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूंच्या भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली. विक्रेत्याच्या बिलांत असे काम दिसल्यास ते कोणत्या यंत्राने व कोणत्या माणसांकडून केले गेले, याचा तपशील घेतल्याविना पुढे जाऊ नये. मागील अपघातांची नोंद आणि प्रलंबित दावेही तपासावेत.

रुग्णालयांच्या कामात २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वात यांवरील लसीकरण आवश्यक आहे. त्याची नोंद नसलेल्या कंत्राटाचे नूतनीकरण गृहीत धरणे धोक्याचे ठरते.

व्यवहाराचे स्वरूप

खरेदी साधारणतः तीन प्रकारे होते. केवळ यंत्रे व निवडक करार घेणे. संपूर्ण व्यवसाय चालू स्थितीत घेणे. अथवा खासगी कंपनी असल्यास तिचे समभाग घेणे. चालू व्यवसायाच्या संपूर्ण हस्तांतरणावर जीएसटी लागत नाही; यंत्रे सुटी विकल्यास लागतो. समभाग घेतल्यास करार, नोंदण्या व परवाने कंपनीच्याच नावावर राहतात, पण तिची ज्ञात-अज्ञात सर्व देणीही तिच्याकडेच राहतात. एकल मालकीच्या व्यवसायाचा जीएसटी क्रमांक मालकाच्या पॅनशी जोडलेला असल्याने तो विकता येत नाही. खरेदीदाराला स्वतःची नोंदणी घ्यावी लागते. नावलौकिकासाठी मोजलेल्या रकमेवर प्राप्तिकरात घसारा मिळण्याची सवलत २०२१ च्या वित्त कायद्याने बंद झाली आहे. हेही किंमत ठरविताना ध्यानात घ्यावे.

ग्राहकांचे करार आपोआप नव्या मालकाकडे येत नाहीत. प्रत्येक मोठ्या ग्राहकाची लेखी संमती अथवा नवा करार आवश्यक असतो. सरकारी कार्यालयांच्या निविदांमध्ये पूर्वपरवानगीशिवाय काम दुसऱ्याकडे सोपविण्यास सामान्यतः मनाई असते. परवानगी हाती येईपर्यंत अशा कामांचे मूल्य धरू नये.

विक्रेत्याने दुसऱ्या महिन्यात नवी संस्था काढून तेच ग्राहक परत नेले, तर सर्व हिशेब व्यर्थ जातो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायास अटकाव करणारे करार सामान्यतः रद्दबातल ठरतात. पण नावलौकिकाच्या विक्रीला त्यात अपवाद आहे. विक्रेत्याने ठरावीक स्थानिक हद्दीत तसाच व्यवसाय करू नये, अशी वाजवी अट घालता येते. त्यासाठी विक्रीपत्रात नावलौकिकाची विक्री स्पष्ट लिहिलेली आणि हद्द निश्चित केलेली असावी.

रक्कम देण्याची पद्धत हाही मूल्यमापनाचाच भाग आहे. इसार देण्यापूर्वी कागदपत्रांची तपासणी पूर्ण करावी. उरलेल्या किमतीचा काही भाग सहा ते बारा महिने रोखून ठेवावा आणि प्रमुख करार टिकल्यावर, तसेच जुनी थकबाकी न निघाल्यावर तो द्यावा. विक्रेत्याने पहिले दोन-तीन महिने सोबत राहून ग्राहकांशी ओळख करून द्यावी, ही अट लेखी असावी. जो विक्रेता चाळीस लाख मागतो पण त्यातील एक रुपयाही रोखून ठेवू देत नाही, त्याचा स्वतःच्या आकड्यांवर कितपत विश्वास आहे, याचा विचार खरेदीदाराने करावा.

या तपासणीस सनदी लेखापाल आणि कामगार कायद्याचा जाणकार सल्लागार यांची मदत घ्यावी. त्यांचे शुल्क एका महिन्याच्या चुकलेल्या चलनापुढे किरकोळ असते. तपासणीअंती किंमत कमी निघाली म्हणजे व्यवसाय वाईट, असे नाही. सर्व कामगारांची नोंद असलेला, वेळेवर वेतन देणारा आणि सात टक्क्यांवर चालणारा व्यवसाय कागदावर फिका दिसतो. पण त्याचा नफा पुढील वर्षीही त्याच जागी सापडण्याची शक्यता अधिक असते. सोळा टक्के नफा सांगणाऱ्या व्यवसायात उरलेले नऊ टक्के कोठून आले, हे चलने आणि हजेरीपट एकत्र ठेवल्याखेरीज कळत नाही.